मुंबईच्या खाणावळी, चहाचीं दुकानें आणि चित्रदालनें

एखाद्या शहराचा इतिहास सांगावयाचा म्हणजे त्याचे किल्ले, बंदरें, गिरण्या आणि राज्यकर्ते यांची हकीकत द्यावयाची, असा सर्वसाधारण प्रघात आहे. परंतु परगांवाहून आलेल्या माणसाला प्रथम लागतें तें पोटभर अन्न आणि घटकाभर टेकावयास जागा. या दोन गोष्टी अल्प खर्चांत कोणाला मिळाल्या आणि कोणाला नाकारल्या गेल्या, हाहि शहराच्या इतिहासाचाच भाग होय. मुंबईच्या बाबतींत तर तो भाग विशेष बोलका आहे.

१८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली आणि पुढच्याच वर्षीं कावसजी दावर यांनीं मुंबईंतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. यानंतरच्या अर्धशतकांत कोंकणांतून आणि घांटावरून माणसांचे लोंढे या बेटावर येऊन थडकले. हे बहुतेक एकटे पुरुष होते. बायकामुलें गांवीं शेतावर, आणि घरधनी परळ-लालबागच्या चाळींत एका खोलींत दहापंधरा जणांसह मुक्कामाला. स्वयंपाकाला तेथें ना जागा, ना वेळ. या गरजेंतून गिरणगांवांतील खाणावळ जन्मास आली. एखादी विधवा किंवा ज्याची मिळकत तुटपुंजी अशा कामगाराची पत्नी आपल्याच चुलीवर आणखी वीसपंचवीस माणसांचें जेवण रांधी. रत्नागिरीकराला भात व मासळीचें कालवण, साताऱ्याकडील गड्याला भाकरी व कोरड्यास, अशी ज्याच्या त्याच्या मुलुखाची चव ती सांभाळी. हिशेब महिन्याचा असे, आणि पैसे पगाराच्या दिवशीं मिळत.

हा व्यवहार वरवर साधा दिसला तरी त्यांत मोठी जोखीम होती. गिरणी बंद पडली कीं खाणावळवालीची उधारी थकत असे. पण समोर बसलेल्या भुकेल्या माणसाला उठवणें तिच्यानें होत नसे. मुंबईच्या कामगारांचे दीर्घ संप ज्यांच्या बळावर चालले, त्यांत पुढाऱ्यांबरोबर या बायकांचीहि गणना केली पाहिजे. वाण्याचें देणें आणि सावकाराचें व्याज मात्र त्यांच्याच शिरावर राही. १९७३-७४ च्या संपांत ही स्थिति पुन्हां उघडी पडली, आणि १९७५ सालीं गोवामुक्तीच्या लढ्यांतील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचें कर्ज मिळवून देण्याचा मार्ग काढला. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानें गिरण्यांचाच कणा मोडला, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळशा खाणावळींचाहि आधार गेला.

खाणावळीचा एक गुण हाच तिचा दोषहि होता. ती आपल्या माणसांची असे. म्हणजे आपल्या गांवच्या आणि बहुधा आपल्या जातीच्या माणसांची. गिरगांवांतील ब्राह्मणी खाणावळींत कारकून व विद्यार्थी यांची सोय होई, परंतु पंक्तींत कोणी बसावें याचे नियम कडक होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला कित्येक हिंदु चहावाल्यांकडे पैसे देऊनहि आंत जागा मिळत नसे. बाहेर वेगळ्या कपांत चहा घ्यावा लागे. १९२३ सालीं मुंबई कायदेमंडळांत सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादि अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत झाला. पण खाजगी चहाच्या दुकानाचें दार त्या ठरावानें उघडणारें नव्हतें.

या कोंडींतून थोडी वाट काढली ती इराणी दुकानदारानें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आणि विसाव्याच्या आरंभीं यझ्द व केरमान या भागांतून झरतुष्ट्री इराणी मुंबईस आले. हिंदु व्यापारी कोपऱ्यावरची जागा अशुभ मानीत, म्हणून ती त्यांस स्वस्तांत मिळाली, असें सांगतात. कयानी १९०४ चें, मेरवान १९१४ चें, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चें. दोन रस्त्यांकडे उघडें दार, संगमरवरी टेबलें, वाकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतींवर मोठे आरसे, बरण्यांत बिस्किटें आणि ब्रून-मस्क्याबरोबर दाट चहा, असा सगळा थाट. जातिधर्माचीं बंधनें तेथें एका दिवसांत गळून पडलीं असें नव्हे. तथापि गोदीकामगार, वकील, टॅक्सीवाला आणि कवि यांना एकाच छपराखालीं बसण्याची संवय या दुकानांनीं लावली. हें काम कोणा सुधारकानें नव्हे, धंदेवाईक माणसानें केलें. त्याला गिऱ्हाइकाच्या जातीशीं फारसें कर्तव्य नव्हतें. पुढें २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें दुकानें व सार्वजनिक उपाहारगृहें यांत धर्म, जात इत्यादि कारणांवरून मज्जाव करतां येणार नाहीं, असें स्पष्ट केलें. संवयीनें जें अर्धवट साधलें होतें, त्याला आतां हक्काचें रूप आलें.

दरम्यान इतर प्रांतांच्या व पेठांच्या चवीहि सार्वजनिक होत होत्या. दादरला १९१० पासून मामा काणे यांचें उपाहारगृह चालूं झालें. माटुंग्यास १९४२ सालीं रामा नायक यांनीं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलें आणि केळीच्या पानावरचें दक्षिणी जेवण नोकरदाराच्या आवांक्यांत आणलें.

पोटाच्या भुकेप्रमाणें डोळ्यांची भूकहि शहराला असते. १८५७ सालीं जे. जे. कलाशाळा आणि १८८८ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली असली, तरी नव्या चित्रकाराला वर्षभर चित्रें मांडावयास जागा अशी नव्हतीच. ही उणीव कांहीं अंशीं चौकटींच्या दुकानानें आणि फराळाच्या टेबलानें भरून काढली. केकू गांधी यांनीं १९४१ च्या सुमारास आरंभिलेल्या चौकटींच्या धंद्यांतून पुढें प्रिन्सेस स्ट्रीटवरील त्यांच्या दुकानांत तरुण चित्रकारांचीं चित्रें लागूं लागलीं. १९४७ सालीं सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांचा प्रगतिशील कलावंतांचा संघ निघाला. त्यांतील आरा यांनीं मोटारी धुण्याचें काम केलें होतें, तर हुसेन यांनीं सिनेमाचे फलक रंगविले होते. अशा माणसांना श्रीमंतांच्या दिवाणखान्याहून खुल्या भिंतीची गरज अधिक होती.

ती भिंत १९५२ सालीं मिळाली. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगींतून काळ्या घोड्यापाशीं जहांगीर कलादालन उभें राहिलें आणि मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. आंत जावयास तिकीट नव्हतें, ही गोष्ट इमारतीहूनहि महत्त्वाची. १९६३ सालीं त्याच्याच पहिल्या मजल्यावर केमोल्ड दालन निघालें, आणि १९६४ सालीं उषा खन्ना यांनीं तळमजल्याच्या अरुंद पडवींत समोवार नांवाचें लहानसें उपाहारगृह काढलें. बाजूला वस्तुसंग्रहालयाची बाग आणि समोर चहा. त्या चहाच्या किंमतींत विद्यार्थी नामवंत चित्रकाराच्या शेजारीं तासभर बसूं शके. जवळच वेसाइड इन येथें कवि अरुण कोलटकर यांची बैठक असे, आणि २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी संग्रहांत त्याच चौकांतील झाडूवाल्या व भिकारी यांना स्थान मिळालें.

वेसाइड इन पुढें बंद झालें, आणि समोवारनेंहि मार्च २०१५ मध्यें दार लावलें. कित्येक इराण्यांच्या कोपऱ्यांवर निराळे धंदे आले आहेत. जागेचा भाव चढला कीं एका कपावर तासभर बसणारें गिऱ्हाईक मालकाला परवडत नाहीं, आणि त्यांत मालकाला सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. परंतु हिशेबाच्या वहींत न येणारी एक हानि होते. पंधराव्या कलमानें जातीचा मज्जाव काढला. खिशाचा मज्जाव काढणारें कलम घटनेंत नाहीं. तें काम खाणावळवाली, इराणी आणि विनातिकीट दालन यांनीं आपापल्या परीनें केलें होतें. परगांवचा माणूस आजहि मुंबईस येत आहे. त्याला बसावयास जागा कोठें मिळते, यावरूनच या शहराच्या थोरवीची परीक्षा व्हावयाची आहे.