बाळाचे दूध आणि गिरणीचा भोंगा

बाळाला दूध पाजणे ही माजघरातली गोष्ट, तिला इतिहास तो कसला, असे एका मित्राने आम्हांला विचारले. आम्ही शाळा अर्ध्यावर सोडलेली माणसे. आमचा इतिहास राजवाड्यात नव्हे, भोंग्यापाशी सुरू होतो. आणि भोंगा झाल्यावर आईने तान्ह्याचे काय करावे, हा प्रश्न मुंबईच्या गिरण्यांइतकाच जुना आहे.

1922 साली डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईतील गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांना असे आढळले की या बायांच्या शंभरांतील 98 अर्भकांना अफू दिली जाते. 'बाळगोळी' हे तिचे गोंडस नाव. आईला निष्ठुर म्हणणे सोपे आहे. पण घरी सांभाळणारे कोणी नाही, गिरणीत पाळणा नाही, खाडा केला तर पगार नाही. मग दहा-अकरा तास मूल निजलेलेच बरे! घात असा की गुंगीतले मूल दुधासाठी रडत नाही, आणि मुलाने ओढले नाही की आईचे दूधही आटते.

ना. म. जोशी यांनी 1924 साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याचे विधेयक आणले. ते नामंजूर झाले. 1928 साली मुंबई कौन्सिलात तसेच विधेयक आले, तेव्हा बाळंतिणीची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठासून मांडले. 1929 साली कायदा झाला. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक बायका असतील तेथे पाळणाघर आले. 1961 च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा, आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या दिल्या. 2017 साली रजा पहिल्या दोन मुलांपुरती सव्वीस आठवड्यांची झाली.

कायदे झाले, त्यांचे आम्ही काय केले? आंबिवलीच्या बाजूला एका कारखान्यात आम्ही मागणीपत्रक लिहीत होतो. बोनस पहिल्या पानावर, पाळणाघर शेवटच्या. आणि तडजोडीत पहिली काट त्यालाच लागली. पॅकिंगमधली एक ओली बाळंतीण म्हणाली, "दादा, तुमचा बोनस दिवाळीला येतो. माझं दूध रोज पदरात जिरतं." आम्हांजवळ उत्तर नव्हते. तो दोष मालकाइतकाच आमचा होता.

मोहोन्याचा रेयॉनचा कारखाना 2009 साली बंद पडला. आता सकाळच्या लोकलला आमच्या लेकीसुना उभ्या असतात. कुणी दुकानात, कुणी धुण्याभांड्याला. पुष्कळींना ना रजा, ना पाळणा. म्हणून घरच्यांनी तरी एवढे पाळावे : बाळंत होताच तासाभरात बाळाला छातीशी लावावे, पिवळा चीक फेकू नये. सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध, पाणी, काही देऊ नये. नंतर मऊ भात-वरण सुरू करावे, पण दूध दोन वर्षे चालू ठेवावे. आई कामावर गेली तर काढून, झाकून ठेवलेले दूध चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजावे. बाळ सुस्त पडले, पिईना झाले, तर घरचे औषध करीत न बसता दवाखाना गाठावा.

आणि संघटनेच्या मित्रांनो, पुढल्या मागणीपत्रकात पाळणाघर पहिल्या पानावर लिहू या. बाळगोळी गेली, पण आईला वेळ मिळाल्यावाचून ती खऱ्या अर्थाने गेली, असे आम्ही म्हणणार नाही.