अजिनोमोटो आणि शिसे

२०१५च्या जूनमध्ये मी लखनौत नोकरीला होतो. गल्लीतल्या किराणावाल्याने मॅगीची पाकिटे फळीवरून काढून पोत्यात भरली आणि विचारले, ‘भाईसाहब, अजिनोमोटो जहर है क्या?’ मी बेधडक हो म्हणालो. ते उत्तर मला अजून खटकते.

प्रकरण सुरू झाले शेजारच्या बाराबंकीत. २०१४ मध्ये तिथे घेतलेल्या नमुन्यात गोरखपूरच्या प्रयोगशाळेला ग्लुटामेट सापडले. पाकिटावर मात्र ते वेगळे घातलेले नाही असे छापलेले. कंपनीने दाद मागितली, नमुना कोलकात्याला गेला, आणि तिथे भलतेच निघाले: शिसे, दहा लाखांत १७.२ भाग. मर्यादा २.५ची.

ग्लुटामेट टोमॅटोतही असते. टोकियोच्या किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये ते कोंबू या समुद्री शेवाळातून वेगळे काढले. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्राने त्याला बट्टा लागला. पुढच्या चाचण्यांत तो संशय ठामपणे सिद्ध झाला नाही. शिशाचे तसे नाही. मुलांच्या मेंदूला त्याची कोणतीच मात्रा सुरक्षित मानत नाहीत.

५ जूनला देशभर बंदी आली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली: कंपनीची बाजू नीट ऐकली नव्हती, प्रयोगशाळांना रीतसर मान्यता नव्हती. फेरतपासणीत तिन्ही प्रयोगशाळांत शिसे मर्यादेच्या आत निघाले. मग तो १७.२चा आकडा कुठून आला?

नोव्हेंबरात पाकिटे फळीवर परतली. किराणावाल्याने शिशाबद्दल मला एकदाही विचारले नाही.