हुआ हिन
हुआ हिन : थायलंडच्या आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावरील, प्रचुआप खिरी खान प्रांतातील पर्यटननगर. ते बँकॉकच्या नैर्ऋत्येस सुमारे २०० किमी. आहे. ख्याती समुद्राची असली, तरी हे शहर घडवले रेल्वेने. १९११ मध्ये लोहमार्ग आला आणि कोळ्यांच्या या वस्तीत राजधानीतले धनिक हवापालटासाठी येऊ लागले. १९२३ मध्ये रेल्वेचेच हॉटेल उघडले, पाठोपाठ गोल्फचे मैदान आणि राजा प्रजाधिपोकचा क्लाय कांगवोन राजवाडा झाला. निरंकुश राजसत्ता संपवणाऱ्या १९३२ च्या क्रांतीची बातमी राजाला इथेच मिळाली. किनाऱ्याच्या सौंदर्यामुळे हे सारे आपोआप घडले असते, असे म्हणावे तर पाण्याच्या नितळपणात अंदमान समुद्राकडचे क्राबी निःसंशय सरस आहे; तिथे पर्यटन मात्र कितीतरी उशिरा पोहोचले. आता बहुतेक प्रवासी मोटारीने येतात, हेही खरे. तरी शहराची घडी तीच आहे : स्थानकापासून रस्ता थेट जुन्या हॉटेलावरून पुळणीवर उतरतो आणि निखाऱ्यावर भाजलेली माकुळे, लसूण-मिरचीच्या आंबट-तिखट रसातले मासे विकणारा रात्रबाजारही जवळच भरतो. वाऱ्याच्या मोसमात काइटसर्फिंग चालते. ताकियाप टेकडीवर देऊळ आहे आणि हातातले खाणे पळवणारी माकडेही. दक्षिणेस खाओ साम रोय योत राष्ट्रीय उद्यानात (१९६६) फ्राया नाखोन गुहा आहे. तिच्या कोसळलेल्या छतातून येणारे ऊन १८९० मधील राजमंडपावर पडते ते सकाळीच, म्हणून उभा चढ लवकर चढावा.