ट्रंपेटला भोके कुणी पाडली?

योहान सेबास्टियन बाख (१६८५-१७५०) याचे संगीत त्याच्या काळातल्या वाद्यांवर वाजवणारे अनेक वाद्यवृंद आज युरोपात आहेत. त्यांतल्या ट्रंपेटवादकाकडे नीट पाहिले, तर बहुधा त्याच्या वाद्याच्या नळीला तीन-चार लहान भोके दिसतात. बाखच्या काळच्या ट्रंपेटला भोके नव्हती. मग ही आली कुठून?

तो जुना ट्रंपेट म्हणजे आपल्या तुतारीसारखी साधी नळी. दोन मीटरहून लांब, म्हणून वळवून घेतलेली. अशा नळीतून हवे ते स्वर निघत नाहीत. मूळ कंप्रतेच्या पूर्ण पटीतलेच निघतात. सोयीसाठी मूळ कंप्रता १०० हर्ट्झ धरू. ८०० ला सा मानले, तर ९०० ला रे, १००० ला ग आणि १२०० ला प मिळतो. पण शुद्ध मध्यम हवा सुमारे १०६७ ला, तीव्र मध्यम ११२५ ला; नळी देते ११००! तेराव्या पटीचा १३०० हा स्वरही शुद्ध धैवताला (१३३३) कमी पडतो.

त्या काळचे वादक ओठांच्या ताणाने असे स्वर वरखाली ओढून जुळवत. लाइपझिगचा गॉटफ्रीड राइखे (मृत्यू १७३४) हा त्यांतला नामवंत. ही विद्या गुरूकडून शिष्याकडे जाई. अठरावे शतक सरता सरता दरबारी ट्रंपेटवादकांचे दिवस संपले आणि विद्याही लोपली. पुढे १८१८ मध्ये जर्मनीत झडपांचे पेटंट घेतले गेले. झडपांमुळे नळीची लांबी बदलता येऊ लागली, आणि साध्या नळीची गरजच उरली नाही.

एकोणिसाव्या शतकात बाखचे संगीत पुन्हा वाजू लागले, तेव्हा ट्रंपेटचे अवघड भाग वाजवायचे कसे, हा प्रश्न आला. १८८४ मध्ये आयझेनाख येथे यूलिउस कोस्लेकने ते एका लांब, सरळ ट्रंपेटवर वाजवले. लोकांना वाटले, हाच बाखचा ट्रंपेट. पण त्याला दोन झडपा होत्या! १९६० च्या सुमारास ओटो स्टाइनकोप्फने राइखेच्या चित्रातल्या गोल वळवलेल्या ट्रंपेटवरून नवे वाद्य आखले आणि त्याला तीन भोके दिली. बोटाने भोक उघडले, की अडचणीच्या जागी जुळता स्वर मिळतो.

म्हणजे ही भोके विसाव्या शतकातली आहेत. आजच्या कानांना खपेल असा स्वर त्यांनी दिला आणि हे संगीत पुन्हा साध्या नळीवर आणले, हे खरेच. पण जुने वाद्य संग्रहालयात टिकते, ते वाजवण्याचे कौशल्य तिथे टिकत नाही. ते सरावानेच पुन्हा शोधावे लागते. फ्रान्सचा जाँ-फ्रांस्वा मादफ याच्यासारखे काही वादक आता भोकांशिवाय वाजवून तेच करत आहेत.

वर्गात दोन मीटर रबरी नळी घेऊन तिच्या एका टोकाला नरसाळे बसवू. दुसऱ्या टोकात ओठ थरथरवत फुंकू आणि कोणते स्वर निघतात, कोणते निघतच नाहीत, ते पेटीवर ताडून पाहू.