शिलेदाराचा घोडा आणि पोटातील जंतू

हिंगोली १९९९ पर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यातच होती. तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी असे. खर्च निजामाचा, हुकमत इंग्रजांची. १९०३ साली ही फौज हिंदी लष्करात विलीन झाली. तिच्या रिसाल्यात शिलेदारी पद्धत होती, म्हणजे स्वार आपला घोडा आपण घेऊन येई. मराठेशाहीपासूनचा भेद आहे हा: स्वतःच्या घोड्यावरचा तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावरचा तो बारगीर. घोडा हेच हत्यार, हीच पुंजी. तो पोटशूळाने एका रात्रीत तबेल्यात गेला, तर दोष मोतद्दाराचा, नाहीतर दृष्टीचा!

आज कारण कळते. घोड्याचे जठर लहान, आणि त्याला ओकता येत नाही. चारा खरा पचतो तो पुढे, तीसेक लिटर मावेल अशा आंधळ्या आतड्यात व त्यापुढच्या मोठ्या आतड्यात. तेथे अगणित जंतू कडब्यातील तंतू आंबवतात. त्यातून होणारी आम्ले रक्तात जातात आणि घोड्याची पुष्कळशी ताकद त्यांच्यावर चालते. टांगा ओढतो घोडा, पण आत राबतात हे. त्यांची हजेरी कोणी मांडत नाही, एवढेच. आता एकाएकी दाण्याची पाटी वाढवली, की सगळे पिष्ट लहान आतड्यात पचत नाही. उरलेले खाली उतरते. त्यावर वाढणारे निराळे जंतू माजतात, लॅक्टिक आम्ल साचते, तंतू आंबवणारे मरतात, वायू धरतो. कधी खुरांच्या आतला भाग सुजून घोडा जन्माचा लंगडा होतो. सगळेच शूळ असे नसतात. आतड्याला पीळ पडला, वाळू साचली, तरी घोडा लोळतो.

हे कळायला उशीर का झाला? १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ साली मुक्तेश्वरला गेली. तिच्यापुढे बुळकांडीसारख्या साथी होत्या. तेथे जंतू हा वैरीच. पोटातील जंतूंवाचून प्राणी जगेल काय, ही शंका पाश्चरने १८८५ सालीच काढली होती. पण हवा न सोसणारे हे जंतू वाढवण्याची चांगली रीत अमेरिकेत हंगेट यांनी बसवली ती गुरांच्या पोटाचा अभ्यास करताना, विसाव्या शतकाच्या मध्यास. घोड्याला मुद्दाम पिष्ट देऊन खूर सुजतात हे तिकडे प्रयोगाने दाखवले गेले १९७५ साली.

माळेगावच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. तेथून आणलेला घोडा नव्या दावणीला बांधला की पशुवैद्य सांगतात: आधी जुनाच चारा, मग आठ-दहा दिवसांत थोडा थोडा बदल.