कर्जखतांची होळी : १८७५

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात, सुपे येथील आठवडी बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि वह्या व कर्जखते बाहेर काढून जाळली. पुढील काही दिवसांत हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोचले. सावकाराने खते मुकाट्याने हवाली केली तर बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे. लोकांचा रोख कागदावर होता.

या उद्रेकाची मुळे दहा-पंधरा वर्षे मागे जातात. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भीमथडी, इंदापूर, शिरूर हा मुलूख ज्वारी-बाजरीचा. कापूस तिथे थोडाच पिके. पण धान्याचे भावही चढले, रेल्वेच्या कामावर रोख मजुरी मिळू लागली, बैलगाडीला भाडे मिळू लागले. कुळाची पत वाढली, तसा सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागला.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि मुंबईचा बाजार कोसळला. पुढच्या काही वर्षांत धान्याचे भाव उतरले, रेल्वेची कामेही आटोपली. नेमकी याच सुमारास तीस वर्षांच्या जमीनबंदोबस्ताची मुदत संपत होती. १८६७ साली इंदापूर तालुक्यात नवी आकारणी लागू झाली, तेव्हा तेजीतले भाव हिशेबात धरून सारा निम्म्याहून अधिक वाढवला गेला. मंदीत शेतकऱ्याला ही वाढ जाचली. माल स्वस्त झाला तरी सारा रोखीने आणि ठरल्या हप्त्यालाच भरावा लागे, आणि त्यासाठी सावकाराचे दार गाठावे लागे.

१८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे भाग होते. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. घडले उलटे. मुदत भरत आली की सावकार थकलेले व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घेई. समजा, शंभर रुपयांवर दरमहा शेकडा दोन रुपये व्याज असेल, तर तीन वर्षांनी नवे खत १७२ रुपयांचे होई आणि त्या साऱ्या रकमेवर पुन्हा व्याज चढे. निरक्षर कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी. दावा कोर्टात गेला की न्यायाधीश समोरचे खत पाही, आणि हुकूमनामा बहुधा एकतर्फीच होई. मग घर, गुरे, जमीन यांवर जप्ती.

सरकारने उठाव मोडून शेकडो लोकांना अटक केली आणि चौकशी आयोग नेमला. पाठोपाठ १८७६चा भीषण दुष्काळ पडला. १८७९ साली पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा जिल्ह्यांसाठी शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने कर्जाचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला दिला, फेडीसाठी हप्ते बांधून देण्याची सोय केली आणि कर्जापायी होणारा तुरुंगवास थांबवला. साऱ्याच्या आकारणीला मात्र या कायद्याने हात लावला नाही.