कुत्र्यासह कॅराव्हॅन पर्यटन (महाराष्ट्र)

कुत्र्यासह कॅराव्हॅन पर्यटन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असलेल्या वाहनातून पाळीव कुत्र्याला बरोबर घेऊन केलेला प्रवास होय. महाराष्ट्रात अशा प्रवासाचे गंतव्यस्थान राष्ट्रीय उद्यान असल्यास तो प्रवेशद्वारापाशी थांबतो. सफारीच्या क्षेत्रात स्वतःची कॅराव्हॅन नेता येत नाही आणि पाळीव कुत्र्यालाही प्रवेश नसतो. त्यामुळे कुटुंब जंगलात असताना कुत्रा कोठे व कोणाजवळ राहील, हा या प्रवासाच्या नियोजनातील मुख्य प्रश्न ठरतो.

पार्श्वभूमी

भारतातील अनेक कॅराव्हॅन मूळच्या प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर तयार केल्या जातात. त्यासाठी वापरली जाणारी ‘ट्रॅव्हलर’ ही गाडी आकुर्डी येथे मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्स या कंपनीची आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध असल्याने साध्या व्हॅनमध्ये परस्पर पलंग व शेगडी बसवणे नियमबाह्य ठरू शकते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. कॅराव्हॅन उभ्या करण्याच्या जागा, म्हणजेच कॅराव्हॅन पार्क, हाही या धोरणाचा विषय आहे.

प्रवेशाचे नियम

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ व २८ नुसार अभयारण्यातील प्रवेश परवान्याच्या अधीन असतो. कलम ३५ द्वारे या तरतुदी राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात. पर्यटन हे परवाना देण्याचे एक मान्य कारण आहे, मात्र परवान्याच्या अटी वन विभाग ठरवतो. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास कायद्यानेच मनाई आहे. गंमत अशी की, अधिनियमातील पशुधनाच्या व्याख्येत गाय, म्हैस, शेळीपासून याक व बदकापर्यंत अनेक प्राणी नावानिशी आले असले, तरी कुत्रा त्यात नाही. व्यवहारात ही उणीव प्रवेशाच्या अटींनी भरून निघते. वनगुन्ह्यांच्या तपासासाठी जंगलात जाणारी प्रशिक्षित श्वानपथके हा यातील अपवाद होय.

ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांना नोंदणीकृत वाहनातूनच, मार्गदर्शकासह फिरावे लागते.

बंदीची कारणे

भुंकण्याने वन्यप्राणी बुजतात, हे कारण सर्वाधिक सांगितले जाते. परंतु रोगप्रसार हे त्याहून गंभीर कारण आहे. कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू कुत्र्यांपुरता मर्यादित नाही. कोळसून, लांडगा, कोल्हा यांच्याबरोबरच सिंह, वाघ व बिबट्या यांनाही त्याची बाधा होते. १९९४ मध्ये सेरेंगेटी येथील सुमारे एक तृतीयांश सिंह या साथीत दगावले. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात काही आठवड्यांत २३ सिंह मृत्युमुखी पडले आणि त्यांपैकी काहींमध्ये हाच विषाणू आढळला. पार्व्होविषाणू तर मातीत अनेक महिने टिकून राहतो. त्यामुळे साखळीला बांधलेल्या कुत्र्याची विष्ठाही निरुपद्रवी म्हणता येत नाही. लसीकरणाने धोका पुष्कळ कमी होतो, पण प्रवेशद्वारावर प्रत्येक कुत्र्याची खातरजमा करणे शक्य नसते.

उलट बाजूचा धोका बिबट्याचा आहे. अकोले तालुक्यात झालेल्या एका अभ्यासात बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला होता. हा धोका उद्यानाच्या हद्दीत सुरू होत नाही. चाकणच्या उत्तरेस खेड, आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा कायम वावर असून जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे. पुणे–नाशिक मार्गावर रात्रीचा मुक्काम करताना कुत्र्याला गाडीबाहेर बांधून ठेवणे म्हणूनच अत्यंत धोक्याचे असते.

मारुंजी परिसरातून प्रवास

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडी माहिती तंत्रज्ञान नगरीला लागून असून तेथे मोठी गृहसंकुले उभी राहिली आहेत. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. चांदोली राष्ट्रीय उद्यानासाठी राष्ट्रीय महामार्ग ४८ ने सातारा व कराडमार्गे शिराळा तालुक्यातील वारणावतीकडे जावे लागते; हे अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक आहे. ताडोबा सुमारे सातशे किलोमीटर दूर असल्याने वाटेत किमान एक मुक्काम सोयीचा ठरतो.

सफारीला साधारणतः तीन ते चार तास लागतात. तेवढा वेळ कुत्र्याला बंद गाडीत ठेवणे हा या प्रवासातील सर्वांत घातक, आणि दुर्दैवाने सर्वांत सहज होणारा निर्णय आहे. उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनाचे तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंश सेल्सिअसने वाढू शकते आणि यातील बहुतांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. खिडकी किंचित उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नसून तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. पग व बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींना तेही नीट जमत नाही. राहण्याच्या भागातील वातानुकूलन यंत्राला बाहेरील वीजजोडणी किंवा जनित्र लागते. प्रवेशद्वाराजवळच्या वाहनतळावर वीजजोडणी सहसा नसते, तर जनित्राच्या आवाजाने व धुराने तेथील शांतता भंगते. विदर्भात वाघ दिसण्याची शक्यता अधिक म्हणून एप्रिल–मे महिन्यांत गर्दी होते, आणि कुत्र्यासाठी नेमका हाच काळ सर्वाधिक प्रतिकूल असतो.

यावर दोन व्यवहार्य पर्याय आहेत. कुटुंबातील एकाने कुत्र्यासोबत मुक्कामी थांबावे व सकाळ–दुपारच्या सफारी वाटून घ्याव्यात, किंवा कुत्र्याला घराजवळच्या श्वाननिवासात ठेवून जावे. मुक्कामाचे ठिकाण कुत्र्याला प्रवेश देते का, हे आरक्षणापूर्वी विचारावे लागते. रेबीज व डिस्टेंपरसह इतर लसींच्या नोंदी, गोचीड प्रतिबंधक औषध आणि विष्ठा उचलण्याच्या पिशव्या बरोबर असाव्यात.

अमेरिकेतील स्थिती

अमेरिकेत अशा वाहनाला आरव्ही म्हणतात. तेथील अनेक राष्ट्रीय उद्यानांत आरव्हीसाठी तळ आहेत व कुत्रा नेता येतो; मात्र त्याला सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या दोरीने बांधून ठेवावे लागते. यलोस्टोनमध्ये रस्ते, वाहनतळ व तंबूतळ यांपासून १०० फुटांपलीकडे, तसेच पायवाटांवर व उष्ण झऱ्यांजवळील लाकडी मार्गांवर कुत्र्याला बंदी आहे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर त्याला फिरवता येते, पण दरीत उतरणाऱ्या वाटांवर व उद्यानाच्या बसमध्ये नेता येत नाही. दरीत उतरणाऱ्या पर्यटकांसाठी कड्यावर श्वाननिवासाची सोय असून तेथे लसीकरणाचा पुरावा द्यावा लागतो.